तगर नगरीतले पुण्यचोर

पूर्वी तगर नगरीत यशोमित्र राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका वाटाड्याच्या घरी जन्मला आणि मोठा होऊन स्वतःही वाटाड्याच झाला. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल. व्यापाऱ्यांचे तांडे तगराहून निघून घाट उतरत आणि समुद्राकडे जात, त्यांच्यापुढे हा चाले. कोणत्या खिंडीत पाणी आहे, कोणत्या झाडीत वाघ आहे आणि कोणत्या गावचा मुखिया वाघापेक्षा वाईट आहे, हे त्याला पाठ होते.

एकदा घाटात मालाची गाडी उलटली आणि सोमिल तिच्याखाली सापडला. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग गेले आणि उजवा हात लुळा पडला. डावा हात आणि जीभ तेवढी शाबूत राहिली. आळीतले लोक म्हणत, गाडी जिभेवर पडली असती तर गाडीच मोडली असती.

तेव्हापासून तो पडवीतल्या बाजेवर पडून असे. नवे वाटाडे येऊन त्याला वाटा विचारत, तो निजल्या निजल्या त्यांना घाट उतरवून देई, आणि जाताना ते तांदूळ ठेवून जात. त्यावर घर चाले. बाकी सगळे त्याची बायको उत्पला पाही. त्याला धुणे, पुसणे, भरवणे, अंगाला तिळाचे तेल चोळणे, आणि सगळ्यात मोठे काम म्हणजे त्याची कूस बदलणे. एकाच अंगावर फार वेळ राहिला तर त्याची पाठ चिघळे. माणूस उंच आणि हाडापेराने मजबूत, त्यामुळे त्याला कुशीवर करणे म्हणजे भरलेले पोते फिरवणे होते.

पण सुरुवातीला हे काम तिच्या एकटीवर नव्हते. शेजारचा तेली भद्रिक घाण्याला बैल जुंपण्याआधी येई. सोमिलाच्या अंगाखालच्या वाकळेचे एक टोक तो धरी, दुसरे उत्पला धरी, आणि दोघे मिळून त्याला अलगद फिरवत. दुपारी भिंतीपलीकडची कुंभारीण शिवला येऊन बाजेशी बसे, म्हणजे उत्पलेला घटकाभर पडता येई. शिवला बसून काय करी, तर सोमिलाशी भांडे. दोघांनाही त्यात फार बरे वाटे. या सगळ्याला कोणी सेवा म्हणत नसे. आळीत राहायचे म्हणजे हे आलेच, असे सगळे धरून चालत.

आता यशोमित्र राजा मनाने चांगला होता, पण त्याला सत्कार करण्याची भारी हौस. नगरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बैलाचा त्याने सत्कार केला होता. ज्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहिले त्या विहिरीला त्याने शेला पांघरवला होता, आणि तो शेला पाण्यात पडल्यावर काढणाऱ्याचाही सत्कार केला होता. प्रत्येक सत्काराला नियम लागतात, आणि नियम करायला त्याच्या पदरी पिंगल नावाचा पुरोहित होता. त्या पिंगलाने राजाला सुचवले, की घरातल्या आजारी किंवा अपंग माणसाची मनोभावे सेवा करणाऱ्याचा सत्कार व्हावा. राजाला ते इतके आवडले, की त्याने तिथल्या तिथे पिंगलाचा सत्कार केला.

नियम असा होता. वसंतोत्सवाच्या दिवशी निवडलेल्या घरावर पांढरी पताका लावायची. तिथून वर्षभर त्या घरातली सेवा एकहाती झाली पाहिजे. दुसऱ्या कोणाचा हात लागला, तर सेवेचे पुण्य विभागले जाते, आणि दुसऱ्याच्या पुण्यात वाटा घेणे ही चोरी. वर्ष नीट पार पडले, तर राजा स्वतः घरी येणार, आजाऱ्याच्या तोंडून साक्ष घेणार, आणि त्या घराला एक गाव दान देणार. दाराशी सेवा करणाऱ्याच्या नावाची शिळा उभी राहणार. आणि एकदा शिळा उभी राहिली, की ते एकहाती व्रत मरेपर्यंत सोडायचे नाही.

पहिली पताका एका माळ्याच्या घरावर लागली. तो आपल्या आंधळ्या, अंथरुणाला खिळलेल्या बापाचे सगळे करी. त्याला गाव मिळाले, शिळाही मिळाली, आणि थोड्याच दिवसांत तो दमून दमून मेला. आता त्याच्या शिळेला लोक रोज फुले वाहत. बाप अजून जिवंत होता.

दुसरी पताका सोमिलाच्या घरावर लागली. खरे सांगायचे तर त्यालाही पहिल्या दिवशी बरे वाटले. ढोल वाजले, उत्पलेच्या गळ्यात हार पडला, आणि तिचा चेहरा असा उजळला, की तो पाहण्यासाठी सोमिलाने मान दुखेपर्यंत वळवून धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भद्रिक आला तो बाजेकडे न येता उंबऱ्याशीच थांबला.

"वहिनी, पाया पडतो," तो म्हणाला.

"पाया काय पडताय भावजी, ते टोक धरा."

"छे छे. तुमचं पुण्य घेऊन मी ते फेडू कुठं? माझं या जन्मीचंच अजून फिटायचंय, त्यात वर चोरी कशाला?"

तो खरोखरच पाया पडला आणि निघून गेला. उत्पलेने एकटीने वाकळ ओढली. दुपारी शिवला आली तीही हात जोडून भिंतीपाशीच उभी राहिली. उत्पला डोक्यावर एक आणि कडेवर एक घडा घेऊन नदीवरून आली, तेव्हा वाटेत काट्याची फांदी पडली होती. ती बाजूला करायला शिवला वाकली, थबकली आणि मागे सरली. न जाणो, तेही सेवेतच धरले जायचे. उत्पला फांदी ओलांडून गेली.

आळीने मदत बंद केली ती अशी, भक्तिभावाने. मात्र कौतुक वाढले. लांबलांबची माणसे सेवा पाहायला येऊ लागली. ती ओट्यावर बसत, डोळ्यांत पाणी आणत, "धन्य, धन्य" म्हणत, आणि मग त्यांना तहान लागे. त्यांना पाणी द्यायलाही उत्पलाच धावे. सेवा पाहायला येणाऱ्यांची सरबराई करायची, हे तिला एक जादा काम होऊन बसले.

सोमिलाने आल्यागेल्याला समजावून पाहिले. "बाबांनो, पुण्य तिला आहे, पण पाठ माझी आहे," तो म्हणे. लोक आणखी गहिवरत. एवढ्या हालातही विनोद करतो म्हणून त्याचेही कौतुक होई, आणि वाकळेचे दुसरे टोक जमिनीवर पडलेले ते पडलेलेच राही.

बाजेवर पडलेल्या माणसाला दुसरे काही काम नसते, त्यामुळे त्याला फार दिसते. उत्पलेच्या डोळ्यांखाली काळे चढलेले सोमिलाला दिसले. ती पूर्वी कामात गुणगुणायची, ते थांबले. तिची कंबर वाकडी राहू लागली. एका सकाळी पेज भरवता भरवता तिचा डोळा लागला, आणि पळीतली पेज सगळी सोमिलाच्या कानात गेली.

"अगं," तो शांतपणे म्हणाला, "या वाटेनं पोटात जायचं म्हणजे फार वळसा पडतो."

ती दचकून जागी झाली, हसत सुटली, आणि हसता हसता रडायला लागली. त्याने डावा हात पुढे केला, पण ती बाजेच्या उजव्या अंगाला बसली होती. तिथवर तो हात पोचत नव्हता.

मग एकदा ती नदीवर गेली ती उन्हे उतरली तरी आली नाही. आली तेव्हा घडा रिकामाच होता. काय झाले, हे तिने सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. ती पाण्याकडे पाहत बसून होती आणि परत यावेसे तिला वाटत नव्हते, हे त्याला न सांगता समजले. त्या दिवशी सोमिल पहिल्यांदा घाबरला. घाटात गाडी अंगावर येतानाही तो इतका घाबरला नव्हता. आपल्या आधी ही जाईल आणि लोक तिच्या शिळेला फुले वाहतील, हे त्याला डोळ्यांपुढे दिसू लागले.

त्याच सुमारास आळीत चोऱ्या सुरू झाल्या.

पहिली चोर शिवला. उत्पला मागच्या अंगणात गेली, की ही भिंतीवरून उतरे, रांजणात घडाभर पाणी ओती, सोमिलाकडे पाहून ओठांवर बोट ठेवी आणि आली तशी परत जाई. भिंत उतरताना तिचे लुगडे दर वेळी एकाच खुंटीला अडके, आणि ती दर वेळी खुंटीला शिव्या देई, मात्र हळू आवाजात. दुसरा चोर भद्रिक. तो भर दुपारी चवड्यांवर येई, सोमिलाला एकट्यानेच उचलून कुशीवर करी, आणि मग आढ्याकडे पाहून हात जोडी.

"देवांनो, हे माझ्या नावावर धरू नका," तो म्हणे. "मी फक्त वजन उचललं."

तिसरा चोर म्हणजे पताकेची राखण करायला राजाने बसवलेला पहारेकरी. सोमिलाच्या नाकाला खाज सुटे आणि डावा हात अंगाखाली अडकलेला असे, तेव्हा हा इकडे तिकडे पाही, भाल्याचे उलटे टोक पुढे करी आणि नाक खाजवून देई.

सोमिलाला हे सगळे पाहून हसू येई आणि जीवही तुटे. कारण चोर नेहमी घाईत असतात. घाईघाईत ओतलेले पाणी निम्मे सांडे. भद्रिक पळायच्या नादात हात अंगाखालीच विसरून जाई. आणि उत्पलेला झोप हवी होती, ती काही कोणाला भिंतीवरून टाकता येत नव्हती.

वर्ष सरत आले. वसंतोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी उत्पला अंगण सारवत होती. सोमिल म्हणाला, "उद्या राजा मला विचारील, सेवा एकहाती झाली का म्हणून."

"हो म्हणा."

"ते खोटं होईल."

"शिवलेचं पाणी म्हणता ना? मी काय आंधळी आहे? रांजण आपोआप भरतो होय?" तिने शेणाचा हात पुसला. "एक शब्द बोलायचाय तुम्हाला. हो म्हणा. गाव मिळेल. मग मी मेले तरी तुमच्या पोटाची ददात नाही."

गाव तिला स्वतःला नकोच होते, आपण गेल्यावर याचे काय, एवढ्याच हिशेबाने ती वर्षभर ओढत आली होती, हे सोमिलाला आत्ता कळले.

"त्या माळ्याच्या बापालाही गाव मिळालं होतं, उत्पले," तो म्हणाला.

त्याने मान वळवून पाहिले. सारवायचा बोळा हातात तसाच धरून, गुडघ्यावर कपाळ टेकून ती झोपली होती.

दुसऱ्या दिवशी राजा लवाजम्यासह आला. ढोल, शिंगे, छत्र, मागे बैलगाडीवर कोरून तयार असलेली शिळा. आळी दुतर्फा उभी. उत्पलेला नवे लुगडे नेसवून, हातात ओवाळणीचे तबक देऊन पडवीच्या खांबाशी उभे केले होते. पिंगलाने सेवेच्या महिम्यावर बोलायला सुरुवात केली. बराच वेळ बोलून तो प्रस्तावना संपली म्हणाला, तेव्हा राजाने स्वतःच पुढे होऊन विचारले, "सोमिला, तुझ्या पत्नीने वर्षभर एकटीने तुझी सेवा केली, दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही, ही साक्ष तू देतोस का?"

सोमिलाने उत्पलेकडे पाहिले. ती खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपली होती. ढोलांनी तिला जाग आली नव्हती, शिंगांनी आली नव्हती, आणि पिंगलाने तर झोप अधिकच गाढ केली होती. तिच्या हातातले तबक हळूहळू कलत होते. दिवा घसरत कडेला आला, आणि शिवलेने झेप घेऊन भर सभेत तबक धरले. मग आपण काय केले हे ध्यानात येऊन ती तबक घेऊन तशीच थिजली.

"नाही, महाराज," सोमिल म्हणाला. "या घरात चोऱ्या झाल्या आहेत."

गर्दीत कुजबुज उठली. पिंगल बाजेशी धावला. "चोऱ्या? पुण्याच्या? किती?"

"फार थोड्या. तीच माझी तक्रार आहे."

"चोरांची नावं सांग."

"मी वाटाड्या आहे, गुरुजी. सोबत आलेल्याला अर्ध्या वाटेत सोडायची मला सवय नाही. वाटलं तर मला दंड करा."

पिंगल दंडाचा नियम आठवू लागला. तेवढ्यात तबक धरून उभी असलेली शिवला म्हणाली, "पाणी मी भरलं. काय करायचं ते करा. तिचे पाय बघा एकदा, भेगांतून रक्त येतं." भद्रिक पुढे आला, गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "कुशीवर मी केलं, पण देवांना तसं सांगून केलं." पताकेखालचा पहारेकरी भाला आडवा धरून म्हणाला, "महाराज, मी नाक खाजवलं." मग मागून एकेक हात वर होऊ लागला. कोणी सरपण टाकले होते, कोणी माशा हाकलल्या होत्या. माशा हाकलणाराने एवढे स्पष्ट केले, की सगळ्या हाकलल्या नाहीत, काही ठेवल्या होत्या.

"म्हणजे अख्खी आळीच चोर?" राजा म्हणाला.

"व्रत भंगलं आहे," पिंगल म्हणाला. "गाव मिळणार नाही. चोरांना शासन झालं पाहिजे. आधी त्या बाईला उठवा."

"तिला उठवू नका," सोमिल म्हणाला. इतका वेळ त्याच्या बोलण्यात असलेली गंमत आता नव्हती. "महाराज, मला गाव नको. ही बाई थकली आहे. एवढीच माझी साक्ष. हिच्यासारखं माझं कोणी केलं नाही आणि करणारही नाही, पण ती थकली आहे, आणि हे म्हणायची सोय तुमच्या पताकेनं ठेवली नाही. आता कोणी तरी मला कुशीवर करा. सकाळपासून एकाच अंगावर आहे, पाठीची आग होते आहे."

"कोणी हात लावायचा नाही," पिंगल म्हणाला. "निवाडा होईपर्यंत नाही."

राजाने झोपलेल्या उत्पलेकडे पाहिले, मग सोमिलाकडे. "ती उठेपर्यंत थांबता येईल का रे?" त्याने विचारले.

"मला येईल, महाराज. पाठीला येत नाही."

राजाने मुकुट काढून पिंगलाच्या हातात दिला, बाह्या सारल्या आणि वाकळेचे टोक धरले. धरले आणि जोरात ओढले. सोमिल बाजेच्या कडेवर आला.

"महाराज, त्यांना घरी न्यायचं नाहीये," भद्रिक न राहवून ओरडला. "ओढू नका, उचलून घ्या. गुडघ्यांत वाका. अजून. कंबर सांभाळा."

राजा गुडघ्यांत वाकला. भद्रिकाने दुसरे टोक धरले. वर्षभर एकाच बाजूने ओढून ओढून वाकळ विरली होती. ती टर्रकन फाटली आणि राजा मागच्या मागे ओट्यावर बसला. दुसरे घट्ट कापड घरात नव्हते. पहारेकऱ्याने वर पाहिले, मग राजाकडे पाहिले. राजाने मान हलवली. पहारेकऱ्याने पताका उतरवून आणली, ती सोमिलाच्या अंगाखाली सारली, शिवलेने तबक खाली ठेवले, आणि चौघांनी धरून त्याला एकदाचे फिरवले. शिवलेने त्याचा अडकलेला हात सोडवला, पाठीवर तेल लावले आणि वर सुनावले, "हलू नका मेले, सांडतंय."

राजाला घाम फुटला होता. एक हात कमरेवर ठेवून त्याने विचारले, "हे ती दिवसातून किती वेळा करते?"

"मोजलं नाही. रात्रीही करते."

"आणि एकटीला हे जमतं कसं?"

"जमत नाही, महाराज," सोमिल म्हणाला. "ती करते."

बाहेर ढोलवाल्यांना वाटले समारंभ संपला, म्हणून त्यांनी टिपरू उचलले. राजाने वळून त्यांच्याकडे असे पाहिले, की त्यांनी ढोल काखेत घेतले आणि ते चवड्यांवर चालत आळीबाहेर गेले. मागे बैलगाडी शिळेसकट वळवणे फार अवघड गेले, कारण चाक करकरू नये म्हणून भद्रिकाला त्यात तेल घालावे लागले.

"पिंगल," राजा हळू आवाजात म्हणाला, "मीही हात लावला. मला काय शासन आहे?"

पिंगलाच्या दोन्ही हातांत मुकुट होता. सगळी आळी त्याच्याकडे पाहत होती. त्याने मुकुट जपून कोनाड्यात ठेवला आणि म्हणाला, "नियमात थोडी दुरुस्ती करता येईल."

"दुरुस्ती मी करतो. यापुढं ज्याला सेवेचं कौतुक करायचं असेल, त्यानं आधी वाकळेचं एक टोक धरावं. त्यानंतरही बोलण्याइतका दम उरला, तर बोलावं." मग तो सोमिलाकडे वळला. "गाव मात्र तू घेच. मी खुशीनं देतो आहे."

"नको, महाराज. गाव घेतलं तर उद्या आळी म्हणेल, याच्याकडं गाव आहे, याला आता आमची काय गरज. मला माझी आळी परत द्या, तेवढी पुरे. आणि द्यायचंच असेल, तर त्या माळ्याच्या बापाला कोणी पाणी देतं का, तेवढं बघा."

राजा तिथूनच त्या म्हाताऱ्याकडे गेला. कमरेवरचा हात त्याने अजून काढला नव्हता. पिंगल मागून पाण्याचा घडा घेऊन चालला होता, आणि पाणी त्याच्या उपरण्यावर डुचमळत होते.

इकडे शिवलेने आणि आणखी दोघींनी मिळून उत्पलेला खांबापासून सोडवले आणि आत नेऊन निजवले. ती दिवसभर झोपली, रात्रभर झोपली. तिला जाग आली तेव्हा दुसरा दिवस उगवला होता आणि पडवीतून भांडणाचा आवाज येत होता. पेजेत मीठ जास्त झाले असे सोमिल म्हणत होता, आणि तुमच्या जिभेलाच खारटपणा आहे असे शिवला म्हणत होती. उत्पला पडल्या पडल्या ऐकत राहिली. मग एकदम काही आठवून ती धडपडत बाहेर आली.

"राजा आला का?"

"येऊन गेला," सोमिल म्हणाला. "कंबर धरून गेला."

"आणि गाव?"

"मी नको म्हटलं."

ती बाजेशी खाली बसली. कितीतरी वेळ तिने त्याच्याकडे पाहिले नाही. "एक अख्खं वर्ष घातलं मी त्यात," ती शेवटी म्हणाली. तिला राग आला होता, आणि तो खरा होता.

"ठाऊक आहे. म्हणूनच दुसरं घालू दिलं नाही."

"मला विचारायचं तरी होतंत."

"तू झोपली होतीस. राजासमोर, उभ्यानं. मी लाजेनं मेलो."

तिला हसू आवरेना. ते तिला आवडले नाही, म्हणून तिने तोंड फिरवले. भद्रिक आत आला, काही न बोलता त्याने नव्या कापडाचे टोक उचलले, आणि ती सवयीने दुसरे टोक धरायला उठली. शिवलेने तिच्या आधीच ते धरले होते. उत्पला मोकळ्या हातांनी तिथे उभी राहिली. त्या हातांचे काय करावे, हे तिला क्षणभर कळेना.

"मग मी अजून थोडी झोपू?" तिने विचारले.

"झोप," तिघे एकदम म्हणाले.

आणि ती आत जाऊन, पांघरूण डोक्यावरून घेऊन, खरोखरच झोपली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली, त्याला कारण घडले होते. एक वृद्ध थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, आजारी होते आणि सुमन नावाचा भिक्षू एकटा त्यांचे सगळे करीत होता. बाकीचे भिक्षू येता जाता त्याची वाखाणणी करीत, आणि धम्मिल नावाचा भिक्षू तर त्याच्यावर गाथा रचत होता. गाथेतले काही शब्द जुळत नव्हते, म्हणून ते विचारायला तो सुमनाला मधून मधून कामातून उठवी.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा पिंगल पुरोहित म्हणजे हा धम्मिल. यशोमित्र राजा म्हणजे आपला दाता नंदिल श्रेष्ठी, ज्याची कंबर अजूनही अधूनमधून दुखते. उत्पला म्हणजे सुमन. भद्रिक आणि शिवला इथेच बसले आहेत. सुमनाचे पाण्याचे भांडे चोरून भरून ठेवणारे ते दोघे भिक्षू. नावे मी सांगत नाही. आणि वाटाड्या सोमिल म्हणजे मीच होतो."

"भन्ते," धम्मिलाने विचारले, "मग या कथेत बोधिसत्त्वाने कोणत्या गुणाची पारमिता गाठली म्हणायची, सेवेची की त्यागाची?"

"सेवा उत्पलेने केली, धम्मिला. सोमिलाला ती करता येत नव्हती, आणि गाव तर त्याचे कधी नव्हतेच. सगळे तिला थोर म्हणत होते, तेव्हा ती थकली आहे असे तो म्हणाला, एवढेच त्याने केले. ही सत्याची पारमिता."